दोन हजार सातशे फॉन्ट आणि एक दावतनामा

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या कोकणात लग्नांची घाई असते. आखातात नोकरी करणारी मुले महिना-दीड महिन्याच्या सुटीवर येतात आणि तेवढ्या दिवसांत मंगनीपासून वलीम्यापर्यंत सगळे उरकायचे असते. दावतनामा छापायला चार दिवस मिळाले तरी नशीब. आमच्या मोठ्या आपाची मुलगी, म्हणजे आमची भाची, गेली तीन वर्षे घरी बसून अशी निमंत्रणपत्रे तयार करून देते. पहिल्या पानावर उर्दू, आत मराठी, आणि मुंबईच्या व परदेशातल्या नातेवाइकांसाठी एका बाजूला इंग्रजी, असा हा तीन भाषांचा संसार. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मजकूर तपासायचे काम आमच्याकडे असते. त्याबद्दल मिळणारा मोबदला म्हणजे आपाच्या हातचा चहा आणि कधीमधी सांदण.

गेल्या मोसमात एका घरच्या पाचशे पत्रिका छापून आल्या. मराठी सुरेख, इंग्रजी ठीक. उर्दूकडे नजर गेली आणि पोटात खड्डा पडला. नस्तालीकच्या जागी कसलेसे सरळसोट नस्ख येऊन बसले होते आणि जिथे टे, डाल, ड़े ही अक्षरे होती तिथे रिकाम्या चौकटी. या घराचे आडनाव गावावरून पडलेले, त्यात 'डाल' आहे. म्हणजे नवऱ्या मुलाच्या मरहूम दादांचे नाव जिथे जिथे आले, तिथे तिथे त्याच्या मधोमध एक खिडकी उघडलेली. मुलाचे अब्बा पत्रिका घ्यायला आले होते. त्यांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत, उलटी करून टेबलावर ठेवली. रागावले असते तर बरे वाटले असते.

छापखान्यात विचारले तर उत्तर साधे होते. भाचीने फाइल पाठवली, पण त्या फाइलीत वापरलेला फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता. कॉम्प्युटरने 'हा फॉन्ट सापडत नाही, दुसरा घेऊ का?' असे विचारले. तिथल्या मुलाने, ज्याला उर्दू वाचता येत नाही, 'हो' म्हटले. त्याचा दोष धरावा असेही नाही. भाचीने दुसऱ्या पाचशे पत्रिका पदरच्या पैशांनी छापून घेतल्या. त्या महिन्याची तिची कमाई त्यात गेली.

त्या रात्री ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "मामू, मला फॉन्टचं काहीतरी शिस्तीत लावून द्या. नाहीतर हे काम मी सोडते." आम्हाला कॉम्प्युटरचे ज्ञान शाळेचे स्मरणिकेचे अंक काढण्यापुरते. पण काम सोडते म्हटल्यावर बसणे भाग होते. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉन्टची यादी उघडली. दोन हजार सातशेच्या वर. त्यातले ती वापरते किती, विचारले. बोटे मोजून म्हणाली, "वीस. फार तर पंचवीस."

इथे थोडे थांबून वाचकांसाठी मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या एका वळणाची फाइल. टीटीएफ किंवा ओटीएफ अशा शेपटीची ही फाइल आपण कॉम्प्युटरवर बसवली, की ती वर्ड, कोरल, फोटोशॉप अशा सगळ्या कार्यक्रमांच्या यादीत दिसू लागते. दिसते म्हणजे प्रत्येक कार्यक्रम उघडताना तिची दखल घेतो. शेकडो, हजारो फाइली असल्या की कार्यक्रम उघडायला वेळ लागतो, यादीतून हवा तो फॉन्ट शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर कोणती वापरली जाते आहे हे कळत नाही.

आमच्या जमातीची भांडी एका खोलीत कुलपात असतात. देगा, तबके, झारे, दस्तरखान. कुणाकडे लग्न असले की मुतवल्लींकडे जाऊन वहीत नोंद करायची, हवी तेवढी भांडी न्यायची, काम झाले की घासून परत ठेवायची. सगळ्या देगा आपल्याच स्वयंपाकघरात आणून मांडल्या तर चहाचे पातेलेही सापडणार नाही. भाचीने नेमके हेच केले होते. फॉन्ट मॅनेजर नावाचे सॉफ्टवेअर म्हणजे ती खोली, ती वही आणि तो मुतवल्ली. फॉन्ट एका जागी पडून राहतात, हवे तेव्हा चालू करायचे, काम झाले की बंद करायचे. बंद केला म्हणजे पुसला नाही. फक्त यादीतून बाजूला झाला.

असे सॉफ्टवेअर निवडायचे म्हटले, तर त्याच्या जाहिरातींत इंग्रजी अक्षरांचीच चित्रे असतात. आमचा प्रश्न वेगळा होता. उर्दूचे दुखणे वेगळे आणि मराठीचे वेगळे, आणि या दोन्हींची कुंडली माहीत नसली तर निवड चुकते.

उर्दूपासून सुरू करू. नस्तालीक ही उताराची लिपी आहे. शब्द वरून सुरू होतो आणि खाली डावीकडे घरंगळत जातो. एकच 'बे' शेजारच्या अक्षरानुसार निरनिराळे रूप घेते. इंग्रजी टंकाच्या साच्यात हे बसेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे फार उशिरापर्यंत कातिबांच्या हातची होती. चेन्नईचे 'मुसलमान' हे दैनिक १९२७ पासून हाताने लिहिले जात आले. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी जोडशब्दांचे हजारो आकार स्वतःच्या हाताने लिहिले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर ते चढवले गेले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या वळणाला 'नूरी नस्तालीक' नाव मिळाले. १९८१ मध्ये 'जंग' दैनिकाने ते वापरले आणि कातिबांची रात्रपाळी संपू लागली. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' बाजारात आणले आणि नूरी नस्तालीक घरच्या कॉम्प्युटरवर आले. मालेगाव, भिवंडी, मुंबईच्या उर्दू छपाईला यानेच हात दिला.

आता त्यातली गोम. त्या काळच्या एका फॉन्ट फाइलीत जेमतेम दोनशे-अडीचशे चिन्हांना संकेत मिळत. हजारो जोड कुठे ठेवायचे? म्हणून नूरी नस्तालीकचे बरेच तुकडे करून, त्यांना क्रमांक देऊन ते वेगवेगळ्या फाइलींत ठेवले गेले. इनपेजमधून काढलेल्या जुन्या पीडीएफची फॉन्ट यादी उघडून पाहा, एकाच नावाच्या पुढे आकडे लावलेली मोठी रांग दिसेल. भाचीला त्या रांगेचा त्रास होई. 'एवढे एकसारखे कशाला' म्हणून तिने एकदा त्यातले काही पुसलेही होते. मग काही शब्द नीट आणि काही शब्द गायब. तिला वाटले फाइल बिघडली. वाचकांपैकी कुणाच्या घरी इनपेज असेल तर त्याच्या तुकड्यांना हात लावू नये. ते सगळे मिळून एक फॉन्ट आहे.

नंतर युनिकोड आले. जमील नूरी नस्तालीक या फॉन्टमध्ये ते सगळे जोड एकाच फाइलीत आले, आणि उर्दू कुठल्याही कार्यक्रमात लिहिता येऊ लागली. पण लोकांनी हा फॉन्ट एकमेकांना पेन ड्राइव्हवरून इतक्या वेळा दिला आहे, की एकाच कॉम्प्युटरवर त्याच्या वेगवेगळ्या काळच्या प्रती सापडतात. भाचीकडे तीन होत्या, वर कशीदा म्हणजे लांबवलेल्या अक्षरांचा वेगळा. प्रत बदलली की ओळीची लांबी किंचित बदलते, आणि दोन ओळींत बसवलेला मजकूर तिसऱ्या ओळीवर सांडतो. म्हणून फॉन्ट मॅनेजरने दुहेरी प्रती शोधून दाखवल्या पाहिजेत. ही आमची पहिली अट ठरली.

मराठीची कुंडली तुलनेने सोपी, पण गुंतागुंत आहेच. पुण्यातल्या सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉन्ट आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्यावर महाराष्ट्राची छपाई वर्षानुवर्षे चालली. हे युनिकोडच्या आधीचे. त्यांच्यात मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीवर बसवलेली असतात. नेमका तोच फॉन्ट चालू नसेल तर 'लग्न' शब्दाच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. जुनी कामे ठेवायची असतील तर हे फॉन्ट टाकून देता येत नाहीत, आणि रोज चालू ठेवायचीही गरज नसते. श्रीलिपीच्या फॉन्टांना तर नावाऐवजी आकडेच जास्त. कुठल्या आकड्याचे वळण कसे, हे नुसत्या यादीवरून कळत नाही. चित्र दिसले तरच कळते. दुसरी अट इथून आली. मॅनेजरने नमुना दाखवायला हवा, आणि नमुन्याचा मजकूर आपल्याला बदलता यायला हवा.

या दुसऱ्या अटीवर थोडे रेंगाळतो, कारण यातच आमच्या शिक्षकी पेशाचा उपयोग झाला. कोणताही मॅनेजर उघडला की फॉन्टचा नमुना एका इंग्रजी वाक्यात दाखवतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी-उर्दू आहे तोही इंग्रजीत दिसतो, म्हणजे मुलगी पाहायला जावे आणि तिच्या भावाशीच गप्पा मारून परत यावे. आम्ही दोन नमुने तयार केले. मराठीचा असा: 'दऱ्याखोऱ्यांतल्या बाळाचे लक्ष श्रीमंत ॲडव्होकेटकडे'. अर्थ शोधू नका. 'ऱ्य' चा तो चंद्रकोरीसारखा अर्धा रफार येतो का, ळ नीट आहे का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, आणि ॲ आहे की त्याच्या जागी अ वर भलतेच काही, हे या एका ओळीत कळते. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसण्याचीच शक्यता जास्त. मराठी वळणाचा ल आणि श काही फॉन्टमध्ये असतो, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी सांगितली तरच तो बाहेर येतो, नाहीतर हिंदीचे वळण दिसत राहते.

उर्दूच्या नमुन्यात टे, डाल, ड़े, नून-गुन्ना, दोचश्मी हे आणि बडी ये ही अक्षरे येतील असे वाक्य घेतले. अरबी भाषेत ही अक्षरे नाहीत. त्यामुळे अरबीसाठी काढलेले कितीतरी सुंदर फॉन्ट उर्दूला निरुपयोगी असतात, आणि हे 'अलिफ बे ते' पाहून कळत नाही. ज्या खिडक्यांनी आमची पत्रिका नासली त्या इथेच पकडता आल्या असत्या. भाची आता कुठलाही नवा फॉन्ट आला की आधी हे वाक्य टाकते. मागे एका मुलाने मोठ्या कौतुकाने पाठवलेला नक्षीदार फॉन्ट तिने दहा सेकंदांत नापास केला. आमच्या वर्गातही एवढ्या वेगाने निकाल लागत नाही.

या नमुन्यांनी मॅनेजरचीही परीक्षा झाली. आम्ही जे काही करून पाहिले, त्यांतल्या एकात उर्दू वाक्य डावीकडून सुटे सुटे उमटले, जणू अक्षरे भांडून वेगळी झाली आहेत. त्याचे नाव घेत नाही; आमच्याकडची प्रत जुनी होती. पण उजवीकडून डावीकडे आणि जोडून लिहिलेला मजकूर नीट दिसतो का, हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणीही पैसे भरू नयेत.

पैशांचेही बोलू. दुकान टाकलेल्या मोठ्या स्टुडिओंसाठी एक्सटेन्सिस कंपनीचे 'कनेक्ट फॉन्ट्स' आहे, जुने नाव सूटकेस फ्यूजन. फाइल उघडली की तिच्यात वापरलेले फॉन्ट आपोआप चालू करण्याची त्याची सोय मोठी आहे. दहा माणसे एकत्र काम करतात तिथे ते परवडेल. पण त्याची वर्गणी डॉलरमध्ये आणि दरवर्षी. एका पत्रिकेमागे चार-पाचशे रुपये सुटणाऱ्या मुलीला ते गळ्यातले लोढणे. ॲपलच्या मॅकवर 'फॉन्ट बुक' मुळातच येते. त्यात गट करता येतात, दुहेरी प्रती दिसतात, खराब फाइल तपासता येते; घरगुती कामाला तेवढे पुरते. मॅकवाल्यांसाठी 'राइटफॉन्ट' आणि 'टाइपफेस' ही विकतची साधनेही आहेत. आमच्या आसपास मात्र मॅक असलेले घर आम्हाला माहीत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

विंडोजवर पहिला पर्याय आपल्या कॉम्प्युटरवर आधीच असू शकतो आणि पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो. आपल्याकडची बहुतेक छपाईची कामे कोरलड्रॉवर होतात. २०१६ च्या एक्स-८ आवृत्तीपासून कोरलच्या संचाबरोबर 'कोरल फॉन्ट मॅनेजर' मिळतो. ज्यांच्याकडे रीतसर विकत घेतलेले नवे कोरल आहे त्यांनी आधी तो उघडून पाहावा. भाचीकडे कोरल होते, पण ते कुठून आले हे तिला विचारले तेव्हा ती लॅपटॉपच्या कडेवरची धूळ पुसू लागली. त्यावर पुढे येतो.

दुसरा पर्याय 'नेक्ससफॉन्ट'. फुकट, हलका, जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारा. एखादे फोल्डर त्यात उघडले की आतले फॉन्ट न बसवताच वापरता येतात आणि कार्यक्रम बंद केला की तेही मिटतात. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपला तो बरा. पण बरीच वर्षे त्यात नवे काही झालेले दिसत नाही. तिसरा 'फॉन्टबेस'. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, मूळ रूपात फुकट, काही जादा सोयींना पैसे. आपली फोल्डरे त्याला दाखवायची, फॉन्टपुढच्या गोल खुणेवर टिचकी मारली की फॉन्ट चालू, पुन्हा मारली की बंद. कामांनुसार संग्रह करता येतात आणि गूगलचे मोफत फॉन्टही आतल्या आत दिसतात.

मोनोटाइपचे 'फॉन्टएक्सप्लोरर' एके काळी नावाजलेले होते, ते कंपनीने बंद केले. या एका उदाहरणावरून आम्ही तिसरी अट घातली. आपले फॉन्ट मॅनेजरच्या पोटात जाता कामा नयेत. काही साधने फॉन्टच्या प्रती स्वतःच्या खजिन्यात हलवतात. साधन बंद पडले की खजिना धुंडाळत बसा. आपले फॉन्ट आपल्या साध्या फोल्डरमध्ये, आपण दिलेल्या नावांनी राहावेत आणि मॅनेजरने ते जागच्या जागी वाचावेत. मुतवल्ली बदलले म्हणून देगा दुसऱ्या गावी जात नाहीत.

शेवटी नेक्ससफॉन्ट आणि फॉन्टबेस यांत निवड उरली. दोन्ही आठ-आठ दिवस वापरून भाचीने फॉन्टबेस घेतला. कारण विचारले तर म्हणाली, "याच्यात गिऱ्हाइकाच्या नावाने खण करता येतो." आम्ही पंधरा अटी लिहून काढल्या होत्या, तिने एकीवर निकाल दिला. आणि ते बरोबरच आहे. एका पत्रिकेचा एक संग्रह: त्यात एक नस्तालीक, बिस्मिल्लाहसाठी एक अरबी, एक मराठी, एक इंग्रजी. सहा महिन्यांनी त्याच घरातला धाकटा लग्नाला उभा राहिला आणि 'तसंच हवं' म्हणाले, की तो खण उघडायचा.

लावालावीला दोन रविवार गेले. डी ड्राइव्हवर पाच फोल्डरे केली: नस्तालीक, अरबी, मराठी युनिकोड, मराठी जुने, इंग्रजी. प्रत्येकाची प्रत बाहेरच्या डिस्कवर. विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टना हात लावला नाही. सेगो, ताहोमा, एरियल, निर्मला यांच्यावर कॉम्प्युटरचे स्वतःचे बोलणे चालते. विंडोजबरोबर येणारा 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीकही ठेवला. घाईच्या वेळी तो कामी येतो आणि विंडोज असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिळण्याची आशा असते.

आता अरबीच्या खणाविषयी. हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाचीच्या लॅपटॉपवर एकाच धाटणीच्या, आकडे असलेल्या सहाशेहून अधिक फाइली निघाल्या. तिला वाटले हाही इनपेजसारखाच प्रकार. पण या फाइली मदिनेच्या किंग फहद कॉम्प्लेक्सच्या मुसहफवरून केलेल्या. त्या मुसहफची पाने ६०४, आणि प्रत्येक पानासाठी एक स्वतंत्र फॉन्ट. पानावरचा प्रत्येक शब्द जसा लिहिला तसाच दिसावा म्हणून ही योजना. मोबाइलवर कुरआन वाचायला ती उत्तम आहे. पत्रिकेत वापरायला मात्र धोकादायक, कारण एका पानाच्या फॉन्टमध्ये जो संकेत एका शब्दाला दिला आहे, तोच संकेत दुसऱ्या पानाच्या फॉन्टमध्ये दुसऱ्याच शब्दाला दिलेला असतो. म्हणजे एकवीसव्या पानाचा मजकूर बावीसच्या फॉन्टमध्ये गेला, तर चौकटी येत नाहीत. सुंदर, अस्खलित, एराबसकट अरबी शब्द येतात, पण दुसरेच. छापखान्यातल्या मुलाला सोडा, आपल्यापैकी कितीजणांच्या ते लक्षात येईल?

हे कळल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग विचारलेन, "मामू, आजवर मी टाकलेल्या आयती?" जुन्या सगळ्या फाइली काढल्या. आयत असलेल्या अकरा निघाल्या. प्रत्येक आयत छापील मुसहफ समोर ठेवून आम्ही दोघांनी ताडून पाहिली, आणि मग मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांना दाखवली. अकराही बरोबर होत्या. अल्हम्दुलिल्लाह, पण त्या रात्री चहा कुणालाच गेला नाही. तेव्हापासून त्या ६०४ फाइली डिस्कवर वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत; मॅनेजरला त्या दाखवतच नाही. आयतीसाठी युनिकोड मजकूर आणि त्याच कॉम्प्लेक्सचा हफ्स फॉन्ट किंवा अमीरी वापरायचा, आणि छापण्याआधी हाफिजसाहेबांची नजर. शिवाय पत्रिका उद्या कुठे पडेल याचा नेम नसतो, म्हणून आयतच घालू नये असे सांगणारी माणसेही आहेत. ती गिऱ्हाइकाला विचारावी, हे भाचीने आता फॉर्ममध्येच लिहिले आहे.

मॅनेजर आला म्हणून छापखान्यातली दुर्घटना टळते का? एकट्या त्याने नाही. तो आपल्या घरची व्यवस्था लावतो. बाहेर पाठवताना दोन वाटा आहेत. एक, पीडीएफ करणे आणि ॲक्रोबॅटमध्ये फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टचा कप्पा उघडून प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' शब्द आहे ना हे पाहणे. दुसरी, अक्षरांचे आकृतीत रूपांतर करणे. कोरलमध्ये त्याला 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' म्हणतात. मग फॉन्टची गरजच उरत नाही. फक्त त्यानंतर एक नुक्ताही दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी राखायची. कोरलच्या 'कलेक्ट फॉर आउटपुट'सारख्या सोयीने फाइलीबरोबर फॉन्टही पाठवता येतात, पण विकत घेतलेला फॉन्ट असा दुसऱ्याला देण्याची परवानगी त्याच्या परवान्यात असतेच असे नाही.

परवाना. ज्या प्रश्नावर भाची धूळ पुसत होती तो हा. त्या दोन हजार सातशेंतले बहुतेक फॉन्ट एका सीडीवरून आलेले. बाजारात पन्नास रुपयांत मिळणारी, हजारो फॉन्टवाली सीडी. आम्ही म्हणालो, हे कुणीतरी बसून काढलेले आहेत. ती म्हणाली, "सगळेच वापरतात, मामू. छापखानेवाले, बॅनरवाले, शाळासुद्धा." शेवटचा शब्द तिने आमच्याकडे पाहून उच्चारला. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा मथळा कुठल्या फॉन्टमध्ये होता हे तिला माहीत होते, कारण तो तिनेच दिला होता.

म्हणून उपदेश बाजूला ठेवून आम्ही शोध घेतला. गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याचे, धंद्यातही विनामूल्य वापरता येणारे फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त आहे, बलू आहे. या बलूच्या कुटुंबात अरबी-उर्दू लिपीचा भाऊ आहे, नाव 'बलू भाईजान'. बालवाडीच्या पत्रकाला यापेक्षा गोड जोडी मिळणार नाही, देवनागरी आणि उर्दू दोन्ही एकाच गुबगुबीत वळणात. गंभीर मराठी मजकुराला तिरो देवनागरी मराठी. ल-श साठी वेगळी खटपट नको, वळण मराठीच. नस्तालीकला नोटो नस्तालीक उर्दू आणि गुलजार. खरे सांगायचे तर जमील नूरीची सवय झालेल्या डोळ्याला नोटो जरा मोकळा वाटतो, ओळींमध्ये जागाही जास्त मागतो. गुलजार आम्हाला आवडला, आपाला नाही. त्या म्हणाल्या, "दादाजानच्या निकाहनाम्यावरचं अक्षर असं नव्हतं."

या मे महिन्यात भाचीने एकोणीस पत्रिका केल्या. चालू फॉन्टांची संख्या बासष्ट, कोरल आता पटकन उघडते. मागच्या वर्षीच्या त्या घरातून धाकट्या मुलाचे काम आले. त्या मुलाचे अब्बा स्वतः आले, पडद्यावर आपल्या वडिलांचे नाव मोठे करून पाहिले, 'डाल'वर बोट ठेवले आणि मग बसले. जुन्या सीडीतले उरलेले फॉन्ट अजून डी ड्राइव्हवर आहेत. 'परवाना पाहायचा' नावाचे फोल्डर आहे, आत एक हजार नऊशे फाइली. भाची म्हणते दिवाळीच्या सुटीत बसू. कोरलचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. मासिक वर्गणीचा भाव आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.